भर दुपारचा नीलपंख

नीलपंख बसलेला असतो ना, तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. मातकट, जाड मानेचा, जरा कंटाळलेला पक्षी. बरेच जण त्याला नीलकंठ म्हणतात पण कंठ काही निळा नसतो, तपकिरी-जांभळट आणि त्यावर पांढुरक्या रेघा. खरा माल पंखात असतो आणि पंख उघडले की मग बघतच राहावं, गडद निळा पट्टा, त्याला लागून फिकट आकाशी पट्टा, परत गडद. मला काम नेमकं तेच मिळालं होतं, पक्ष्यांच्या एका पुस्तकासाठी पंख पूर्ण उघडलेले आणि पट्टे वेगवेगळे ओळखू येतील असा फोटो. संपादक बाईंनी बजावून सांगितलं होतं, "अहो, सुंदर नसला तरी चालेल, पण पिसं मोजता आली पाहिजेत."

सकाळी ढगाळ होतं. आठच्या सुमारास कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं, शटर १/२००० सेकंद, लेन्सचं भोक एफ ५.६ आणि उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ६४० ठेवलं आणि सुरू झालो. मॅन्युअल का तर उडणारा पक्षी एका सेकंदात आकाशासमोरून झाडीसमोर आणि झाडीसमोरून जमिनीवर येतो, ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा पक्षी सोडून मागचंच मोजत बसतो आणि दर फ्रेमला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, वेगळं. तर हे सगळं मला माहीत आहे, लोकांना शिकवतोसुद्धा, आणि तरी त्या दिवशी जे केलं ते केलंच.

ढग गेले, ऊन चढलं, मी तसाच मारत राहिलो. मध्ये मध्ये हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळोखं किती (डावीकडे) आणि उजळ किती (उजवीकडे) ते दाखवणारा आलेख, बघत होतो, छान दिसत होता. मागे गर्द झाडी असल्यामुळे सगळा डोंगर डावीकडे आणि उजवीकडे भरपूर जागा, म्हणजे काही जळत नाहीये, जास्त उजेडाने तपशील पुसला जात नाहीये, असं मी धरून चाललो. साडेदहाला माझ्यासोबत असलेल्या पोराने, तो शिकायला येतो माझ्याकडे, स्क्रीनवर टोपी धरून एक फ्रेम पूर्ण झूम केली आणि म्हणाला, "दादा, ह्यात पिसं कुठायत?"

मी म्हटलं, "अरे फोकस चुकला असेल, पुढची बघ." पुढची बघितली. फोकस मस्त होता, डोळ्याभोवतीचं कातडंसुद्धा दिसत होतं. फक्त पंखावर पिसंच नव्हती. ऑइलपेंटचा एक सपाट निळा फराटा, त्यात ना रेघ ना पिसाची कड. चारशेच्या वर फ्रेम्स आणि जेवढ्यात ऊन पडलं होतं तेवढ्या सगळ्या तशाच.

झालं काय होतं तर माझ्या स्क्रीनवर साधा पांढरा हिस्टोग्राम लावलेला होता, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा नाही. त्या पांढऱ्यात निळ्याचं वजन अगदीच कमी धरलेलं असतं आणि वर पक्षी फ्रेमचा केवढासा भाग, त्यामुळे निळा चॅनल, म्हणजे फोटोतला निळ्याचा वेगळा हिस्सा, आलेखाच्या पार उजव्या भिंतीला जाऊन धडकला तरी त्याचा पत्ताच लागला नाही. उन्हाच्या हिशोबाने मी एक स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर जास्तच उजेड घेत होतो. आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, आहे ना, घरी जाऊन उजेड खाली ओढू, हे इथे चालत नाही. एकच चॅनल जळला असेल तर खाली ओढल्यावर पिसं परत येत नाहीत, उलट रंगच बदलतो, निळ्याचा भलताच काहीतरी होतो.

पोरगा बिचारा गप्प. मी पण.

मग पहिल्यापासून हिशोब मांडला. भर उन्हाचा जुना नियम आहे, एफ १६ ला शटर म्हणजे १ भागिले आयएसओ. आयएसओ ४०० तर १/४००, तिथून एफ ५.६ पर्यंत भोक तीन स्टॉप मोठं म्हणून १/३२००. निळ्याला जागा राहावी म्हणून अजून थोडं खाली, १/५०००. पोराला म्हटलं, "आता ह्याला हात लावायचा नाही, ढग आला तरच." हिस्टोग्राम तीन रंगांचा केला, पिक्चर स्टाइल, म्हणजे कॅमेरा फोटोला देतो ती रंगछटा, न्यूट्रलवर म्हणजे साध्यावर आणली कारण कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम रॉचा नसून कॅमेऱ्याने त्यातून तयार केलेल्या जेपेगचा असतो, व्हिव्हिड, म्हणजे भडक, ठेवली की तोही खोटं बोलायला लागतो.

पण तोवर अकरा वाजून गेलेले. डोक्यावर सूर्य म्हणजे पाठ भाजलेली आणि पोट काळं, पंख वर गेला की खालची बाजू सावलीत. शिवाय जमीन तापल्यावर हवा थरथरते, ७० मीटरवरून काढलेला फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो, त्याला कितीही महागडी लेन्स लावा काही फरक पडत नाही, जवळ जाणं एवढंच हातात असतं. दुसरा कोणताही दिवस असता तर मी बॅग भरली असती.

झाडी सोडून पलीकडच्या उघड्या रानात एक वाळका खुंट होता, नीलपंख दर थोड्या वेळाने तिथे येऊन बसायचा, खाली झेप घ्यायचा, काहीतरी उचलायचा आणि परत खुंटावर. आम्ही मळकट कापड अंगावर घेऊन रांगत रांगत २५ मीटरवर गेलो. वारा पाठीकडून येईल असं बसलो कारण पक्षी बसताना-उठताना वाऱ्याकडे तोंड करतो म्हणजे आपल्याकडेच. घामाने व्ह्यूफाइंडर सारखा धुरकट होत होता, पोरगा कापडाच्या आत "दादा मुंगी, दादा मुंगी" करत होता.

पहिली झेप बघितली आणि मीच चाट पडलो. पोट काळं नव्हतंच! तिथली माती पांढरट होती, जवळजवळ चुन्यासारखी, आणि ते डोक्यावरचं ऊन तिच्यावर आपटून खालून वर येत होतं. सकाळच्या तिरक्या उन्हात हे एवढं झालं नसतं. पंखाच्या आतली फिकट निळाई उजळलेली, आणि वळताना पक्षी एका कुशीवर झाला की वरचे पट्टे थेट उन्हात. नीलपंखाचा निळा रंग म्हणजे काही निळं रंगद्रव्य नाही, पिसाच्या आतली सूक्ष्म रचनाच उजेड अशी फोडते की निळा तेवढा आपल्याकडे परततो. ते वाचलेलं होतं, पण त्या झूममध्ये पिसाच्या एकेका काडीवर गडद-फिकट चढउतार बघितल्यावर जरा पटलं.

दीड वाजेपर्यंत ६० च फ्रेम्स मारल्या. त्यातली एक मला फार आवडली, पक्षी पूर्ण आडवा, चोचीत नाकतोडा, त्या नाकतोड्याचे पायसुद्धा मोजता येतील. तीच पहिली पाठवली. संपादक बाईंचा फोन आला, "अहो, शेपटीचं टोक कापलंय की." आणि त्यांनी घेतली तिच्या पुढची फ्रेम, नाकतोडा निम्मा गिळलेला, डोळा अर्धा मिटलेला, पक्षी जरा येडपटच दिसतोय, पण पिसं सगळी मोजता येतात.