काळी तीन गेली कुठे?

जळगावात ‘मी डीजे आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “हळदीचे किती घेतो?” घेतो, खोटं कशाला बोलू? बेसचे चार डबे आणि जनरेटर टेम्पोवर चढवून यावल-रावेरपर्यंत जातो. त्याच पैशावर रात्री घरी हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) आणि रेगे (जमैकाचं संथ ठेक्याचं संगीत) बनवतो. ते ऐकणारे जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके.

हाऊस आपल्याकडे खपून जातं. दर मात्रेला किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, मिनिटाला 120-125 ठोके. शिकागोत जन्मलेलं असलं तरी पाय आपोआप हलतात. रेगेचं उलटं. ‘वन ड्रॉप’ या त्याच्या ठेक्यात चारपैकी पहिली मात्रा रिकामी, किक आणि स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) तिसरीवर एकत्र. भुसावळजवळच्या एका हळदीत मी माझा एक तुकडा हळूच लावला, तर नवरदेवाचा मामा धावत आला, “मशीन बंद पडनं का रे भो?” त्याला सम हवी होती आणि नेमकी तीच मी काढून ठेवली होती.

पण खरं दुखणं वेगळंच. परदेशातल्या एका छोट्या लेबलने, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीने, माझा रेगे ट्रॅक दोनदा परत पाठवला. दोन्ही वेळा कारण एकच: बेस फार. मला पटेना. माझ्या खोलीत तर बेस कमीच वाटायचा, म्हणून मी तो वाढवत चाललो होतो. मग एका रात्री मांडव रिकामा झाल्यावर तोच ट्रॅक टेम्पोवर लावला. एक स्वर आला की फाळका खडखडायचा, बाकीचे स्वर जागेवर.

आमचे अ‍ॅम्प दुरुस्त करणारे एक काका आहेत. (रेगेतूनच निघालेलं डब संगीत घडवणारा जमैकातल्या किंग्स्टनचा किंग टबीही मुळात दुरुस्तीवालाच, हे त्यांना सांगितल्यापासून माझ्याकडून चहाचे पैसे घेत नाहीत.) ते घरी आले, तो स्वर एकटाच सलग वाजवला आणि म्हणाले, “आता खोलीत फिर.” भिंतीशी छाती थरथरत होती. खुर्चीपाशी आलो तर जवळजवळ शांतता.

ट्रॅक काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी हा त्याचा सा. ट्रॅकमधला सगळ्यात खालचा सा 46 हर्ट्झचा. माझी खोली 12 फूट लांब, म्हणजे 3.66 मीटर. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो; भागाकार केला तर 47 हर्ट्झच्या आसपास अर्धी लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोबर बसते. भिंतींशी तिचा जोर सगळ्यात जास्त, मधोमध शून्य. आणि खुर्ची मधोमधच का? कारण पंखा तिथे आहे! मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो, पंखा सोडून बसेल तो मूर्ख.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणली. कोपऱ्यांत फोम लावायला पैसे नव्हते, पण घरात कापूस होता. भाव नाही म्हणून वडिलांनी तो ठेवलेलाच होता. पोती कोपऱ्यांत छतापर्यंत रचली. 47 वर त्याचा काही उपयोग झाला नाही, तेवढ्या लांब लाटेला पोत्यांची जाडी पुरत नाही. वरच्या बेसचा घुमारा मात्र बसला. अंगाला खाज सुटली ती वेगळी. घामाने भिजत चार रात्री मिक्स केला, काळी तीनचा तो एक स्वर सहा डेसिबलने खाली आणला. लेबलने ट्रॅक घेतला. एका हळदीत जेवढे मिळतात तेवढे अजून त्यातून आलेले नाहीत.

जूनमध्ये बियाण्याला पैसे लागले, पोती विकली गेली. खुर्ची आहे तिथेच ठेवलीय. आता पंखा सरकवायचाय, तर इलेक्ट्रिशियन ऐकेना. म्हणतो, हूक मधोमध असताना पंखा कडेला कोण लावतं?