बिल्ला नंतर, आधी आतला शिक्का बघा

पहिल्या महायुद्धातली जर्मन हेल्मेट जमवायला लागलेल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो, युनिटचं चिन्ह असलेलं स्टीलचं हेल्मेट कुठे मिळेल हो, शक्यतो कवटीवालं. मिळेल ना, हवी तेवढी मिळतील! फक्त त्यातली बहुतेक युद्धानंतर कधीतरी कुणीतरी रंगवलेली असतात.

मुळात स्टालहेल्म, म्हणजे हे स्टीलचं हेल्मेट, आलं १९१६ मध्ये. खंदकात डोकं वर काढलं की तोफगोळ्याचे तुकडे डोक्यात घुसत होते आणि चामड्याच्या टोकदार पिकेलहाउबंचा त्यापुढे काही इलाज नव्हता, मग हानोवरच्या टेक्निकल कॉलेजातल्या फ्रीडरिश श्वेर्डनी हे डिझाइन केलं, आणि ते कारखान्यातून आलं फील्ड ग्रे रंगात, कोरं. त्यावर युनिटचा बिल्ला लावायचा नियमच नव्हता. शत्रूला समोर कोण बसलंय ते कळू नये हीच तर धडपड चालली होती.

युनिट शोधायचं तर पिकेलहाउबंकडे वळायला लागतं, पण तिथंही समोरचा मोठा पितळी बिल्ला, ज्याला सगळे वापेन म्हणतात, तो जर्मन साम्राज्यातलं राज्य सांगतो, रेजिमेंट नाही. गरुड म्हणजे प्रशिया, ढाल धरलेले दोन सिंह म्हणजे बव्हेरिया, ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं असलेला सिंह, दिसला तर बाडेन. बाजूच्या कोकार्डंचंही, म्हणजे रंगीत गोल बिल्ल्यांचंही तेच, उजवीकडे साम्राज्याचे काळा-पांढरा-लाल, डावीकडे राज्याचे रंग. अपवाद आहेत आणि तेच मला जास्त आवडतात. हानोवरकडच्या काही रेजिमेंट्सच्या गरुडावर ‘वॉटर्लू’ लिहिलेली पट्टी असते, म्हणजे ज्यांचे पूर्वज इंग्रजांच्या बाजूने नेपोलियनशी लढले तेच लोक १९१४ ला तीच पट्टी असलेली हेल्मेट घालून इंग्रजांविरुद्धच्या युद्धात उतरले. ब्राउनश्वाइगच्या ९२ नंबरच्या रेजिमेंटची कवटीही खरी आहे, पण ती चामड्याच्या हेल्मेटवर, धातूची. स्टीलवर ब्रशने काढलेली नव्हे.

रेजिमेंटचा नंबर खरा दिसायचा तो हेल्मेटवर चढवायच्या कापडी कव्हरवर. युद्ध सुरू झालं तेव्हा तो लाल होता, लांबूनही दिसायचा म्हणून १९१४ मध्येच हिरवा केला आणि १९१६ मध्ये काढूनच टाकला. राखीव रेजिमेंट असेल तर नंबराच्या वर ‘आर’ हे अक्षर. ही कव्हर फार कमी उरलीत, त्यामुळे नकली भरपूर. मी सरळ यूव्ही टॉर्च मारतो, आजकालचा शिवणाचा दोरा बऱ्याचदा निळापांढरा चमकतो. न चमकला म्हणजे खराच असं नाही हां, पण चमकला तर मोठा संशय घ्यायचा.

आणि मग आतला भाग. माझ्याकडच्या पिकेलहाउबंला मागे मानेवर येते त्या पट्टीच्या आतून शाईचे शिक्के आहेत, एका कडेला बी.ए. आणि पुढे रोमन दहा, म्हणजे दहाव्या आर्मी कोअरचं (अनेक रेजिमेंट्सची मोठी तुकडी) कपड्यांचं कोठार, त्याखाली रेजिमेंट ७७. शाई चामड्यात इतकी मुरलीय की दिवा तिरका धरल्याशिवाय सात आणि एक यात फरक कळत नाही. पण जुळतं सगळं, ७७ वी ही त्सेल्लं गावची हानोवेरियन रेजिमेंट आणि दहावं कोअर हानोवरचंच. हे दोन आकडे एकमेकांशी भांडायला लागले की समजायचं कुणीतरी खेळ केलाय. तसंच वापेन जिथं अडकवतात तिथं भोकं मोजा, गरजेपेक्षा जास्त असतील तर बिल्ला बदललेला असू शकतो.

स्टीलच्या हेल्मेटात कडेला आतून ठोकलेला कोड बघा. ई.टी. ६४ असेल तर थाले इथला कारखाना आणि साइज ६४. वरचा रंग हवाच असेल तर १९१८ चा कॅमोफ्लाज बघा, ७ जुलैच्या आदेशात पिवळट, हिरवे आणि तपकिरी तुकडे आणि त्यांच्यामध्ये बोटभर जाडीची काळी रेघ सांगितलीय. रंग गंजाच्या खड्ड्यांत उतरलेला दिसला तर तो गंजानंतर लागलाय, उघड आहे. अमेरिकन सैनिकांनी घरी नेलेल्या काही हेल्मेटांवर स्वतःच्याच डिव्हिजनचे बिल्ले रंगवले होते, आणि ती खरी असली तरी जर्मन युनिटची म्हणून विकली तर ती फसवणूकच. कवट्यांपैकी काही १९१९ च्या फ्रायकोरच्या, म्हणजे युद्धानंतरच्या स्वयंसेवक सशस्त्र पथकांच्याही निघतात, तो वेगळाच कारभार.

त्यामुळे विकणाऱ्याकडून आधी आतले फोटो मागा, शिक्क्याचे, लायनरचे म्हणजे आतल्या अस्तराचे, भोकांचे. समोरचा फोटो तो न मागताच पाठवतो.