आई आला

'एवढ्या भासा येतात, मग हिरो काहून नाही झालास गा?' हे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावात पान खाताना विचारतात, वडशात नाटक कंपनीच्या ऑफिसात विचारतात. आमच्यातले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून झाडीपट्टीवर, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या रात्रभराच्या नाटकांवर, लिहायला शहरातून येणारेही तेच विचारतात, फक्त 'गा' लावत नाहीत. एकदाचं सांगून टाकतो.

हिरोला एक मराठी पुरते. जास्तीच्या भाषा लागतात त्या मधल्या माणसांना. तेलुगू ठेकेदार, छत्तीसगडी मजूर, हिंदी झाडणारा फॉरेस्टचा साहेब. आणि बंगाली डॉक्टर. बावीस सीझनांत सगळ्यात जास्त मी तोच झालो. मूळव्याध, भगंदर, हातात पेटी, कशावरही एक सुई. असा खरा बंगाली डॉक्टर लोकांनी गावात पाहिलेला असतो, म्हणून एन्ट्रीलाच टाळी.

मी गडचिरोलीतल्या मुलचेरा तालुक्यातला. बाबा 1964 मध्ये पूर्व पाकिस्तानातून रायपूरच्या माना कॅम्पात निर्वासित म्हणून आले, तिथून इकडे. मी इथंच जन्मलो, तरी 'तुमच्याकडं नाटकं कशी असतात?' असं विचारतातच. माझ्याकडं झाडीपट्टीच असते बाप्पा! आणि माझं मराठी तुमच्यापेक्षा शुद्ध आहे. ते स्टेजवर मोडून बोलायचेच मला पैसे मिळतात.

मोडायचं कसं, ते बाबांकडून उचललं. बंगालीत 'गेला-गेली-गेलं' ही भानगड नाही. बाबांची बस आला, भाकर झाला, म्हैस व्याला. आजी वारली तेव्हा दारात जमलेल्यांना ते म्हणाले, 'माझा आई गेला.' कोणी हसलं नव्हतं.

2008 च्या सीझनला आरमोरीकडच्या एका गावात बाबा पहिल्यांदा माझं नाटक बघायला आले. पुढच्या रांगेत खुर्ची मीच मिळवून दिली. रात्रीचे दोन वाजले असतील, लोक पेंगत होते. पेशंटनं विचारलं, 'डॉक्टर, उशीर काहून केला?' प्रॉम्प्टर ओळ देत होता. ती सोडून माझ्या तोंडून निघालं, 'क्या करेगा भाऊ, माझा आई गेला.' मंडप हसून लोळला. मी थांबलो, परत म्हटलं. परत हशा. तिसऱ्यांदा म्हणताना बाबांकडं नजर गेली. शेजारचा माणूस मांडीवर थाप मारून हसत होता, आणि बाबा त्याच्याकडं बघत बघत, त्याच्यासारखं हसत होते.

सकाळी टपरीवर चहा घेतला. आम्ही आपसांत बंगालीच बोलतो, पण हे त्यांनी मराठीत विचारलं, 'मग काय म्हणायचा? गेला, का गेली?'

'गेली.'

'माझी आई गेली,' ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा एकदा म्हणाले. मग बशीतला चहा संपवला.

त्या सीझनला माझी नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, वाढली. तेव्हा स्वतःला सांगायचो, लोक डॉक्टरला हसले, बाबांना नाही. खरंच आहे, ओळ कोणाची हे त्यांना कुठं माहीत होतं? मला होतं. ती काढून टाकली. सीन थंड पडला, निर्माता म्हणाला टाक परत, टाकली. बाबा पुन्हा नाटकाला आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. दुखायचेही.

आणि हिरो झालो होतो हो, पंधरा प्रयोग. नीट मराठीत, एक मात्रा न चुकता. पहिल्याच प्रयोगाला पहाटे मेकअप उतरवून बाहेर आलो, तर दोघं-तिघं थांबलेले. म्हणाले, 'भाऊ, आज डॉक्टर नाही आला का गा?'