आमची वाटचाल : एका भागात एक बुट्टी

आमच्या उद्योगाची सुरुवात पंचवटीतील राहत्या घराच्या मागच्या खोलीत झाली, तेव्हा एक लाकडी पलंग, भरतकामाच्या चार रिंगा आणि घरातून बाद झालेला एक टीव्ही एवढेच आमचे भांडवल होते. सासूबाई रुखवतासाठी मॅटीवर भरलेले तक्ते आणि बाळंतविड्यातील दुपटी, कुंच्या, टोपडी करून देत असत. मी नोकरी सोडून त्यांच्याबरोबर बसू लागले आणि दोघींच्या हातांना उरकणार नाही इतके काम येऊ लागल्यावर शेजारच्या मावशी, मग त्यांची सून आणि काही वर्षांनी फॅशन डिझाइनचा अभ्यासक्रम केलेली एक मुलगी, अशा आम्ही पाच जणी झालो. आज नऊ जणी आहोत. कर्जाच्या, जागेच्या आणि पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कथा प्रत्येक लहान उद्योगाकडे असतात तशा आमच्याकडेही आहेत. पण आमच्या कामाला खरे वळण मिळाले ते सुई हातात असताना पाहिलेल्या, खरे तर ऐकलेल्या, जादूच्या मालिकांमुळे आणि जपानी ॲनिमेमुळे, म्हणजे तिकडच्या हलत्या चित्रांच्या मालिका-चित्रपटांमुळे, म्हणून त्यांच्याविषयीच सविस्तर लिहिते.

भरतकाम करणारीची नजर कापडावर असते, त्यामुळे करमणूक कानांवाटेच होते. सासूबाईंच्या काळी ती रेडिओवर भागत असे. नंतर दुपारच्या कौटुंबिक मालिका आल्या, आणि त्यांतील प्रत्येक धक्क्याला तीन-तीनदा वाजणाऱ्या ढोलांनी टाका हुकू लागला. अशात त्या मुलीने एके दिवशी आपला लॅपटॉप आणून २००४ सालचा ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ लावला. डायना विन जोन्स यांच्या १९८६ च्या कादंबरीवरून हायाओ मियाझाकी यांनी केलेल्या या चित्रपटाची नायिका सोफी सुरुवातीलाच टोप्यांच्या दुकानात सुई घेऊन बसलेली दिसते. बाकीच्या मुली नटूनथटून बाहेर पडतात आणि ही मात्र हातातले काम संपवायचे म्हणून मागे राहते. मावशींनी मान वर केली, दोन क्षण पाहिले आणि “ही आपल्यातली आहे,” एवढेच म्हणून पुन्हा कामाला लागल्या.

अडचण भाषेची होती. संवाद जपानी आणि खाली इंग्रजी ओळी. त्या वाचायला मान वर केली की टाका चुकणार. तेव्हा असे ठरले की त्या मुलीने आपली रिंग बाजूला ठेवून ओळी वाचायच्या आणि लगेच मराठीत सांगायच्या, अगदी श्रावणात पोथी सांगतात तशा, आणि तिच्या वाट्याचे काम ऐकणाऱ्यांनी वाटून घ्यायचे. त्यामुळे आमच्या खोलीतल्या चेटकिणी “काय गं, कुठं चालली?” असे विचारतात आणि राक्षस “लई माज आलाय का तुला?” म्हणून दरडावतात. पुढे काही मालिका हिंदीत मिळू लागल्या, तरी मावशी अजून तिचीच मराठी मागतात.

ॲनिमे मालिकेचा एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो आणि त्यात सुरुवातीचे व शेवटचे गाणे दीड-दीड मिनिटाचे असते. पहिल्या गाण्यात सुया ओवायच्या, शेवटच्या गाण्यात दोरे मागे अडकवून कातरायचे, आणि मधल्या एकवीस मिनिटांत ब्लाउजच्या बाहीवरची एक लहान बुट्टी पुरी करायची, असे माप आपोआप पडत गेले. आजही कोणी किती काम झाले असे विचारले, तर उत्तर तासांत येत नाही, भागांत येते.

ॲनिमे आमच्या कामाला मानवते याचे एक कारण तिच्या घडणीतही आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात, पण ॲनिमेत एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवण्याची रीत आहे, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रे लागतात. १९६३ साली सुरू झालेल्या ओसामु तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ने वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी ही काटकसर टीव्हीवर रुळवली. चित्र थांबलेले आणि बोलणे चालू, अशा जागा त्यामुळे पुष्कळ येतात. जाणकारांना तो उणेपणा वाटत असेल; आमच्यासाठी मात्र ती सोय आहे, कारण दोरा बदलून मान वर केली तरी फारसे काही निसटलेले नसते.

याउलट ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही उघड्यावाघड्या दृश्यांची इंग्रजी मालिका आमच्या खोलीत अर्धा तासही टिकली नाही. सासूबाई समोर बसलेल्या असताना ती लावण्याचा अविचार कोणाचा, हे आजतागायत कोणी कबूल केलेले नाही. मी ती रात्री एकटीने पाहून संपवली. तिच्या पहिल्याच भागात थोरल्या बहिणीच्या, सान्साच्या, टाक्यांचे कौतुक होते आणि धाकटी आर्या सुईला कंटाळलेली असते. पुढे आर्या आपल्या बारीक तलवारीचे नाव ‘नीडल’, म्हणजे सुईच, ठेवते. सुईकाम हे मुकाट मुलींचे काम आणि तलवार ही शहाण्या मुलीची, हा सूर मला पटला नाही. त्याच मालिकेच्या वेशभूषेवर मिशेल कॅरॅगर यांनी केलेले भरतकाम पाहिले की तो आपोआप खोटा ठरतो. सान्साच्या लग्नाच्या पोशाखावरील पट्टीत तिच्या माहेरचा लांडगा, आजोळचा मासा आणि सासरचा सिंह भरून तिची सारी कहाणी सांगितली आहे. पडद्यावर एवढे बारकावे कोण पाहणार, असा हिशेब तिथे केलेला नाही. हाच धीर शेवटी लेखनात राहिला नाही. पहिल्या सहा पर्वांत दहा-दहा भाग, सातव्यात सात आणि २०१९ च्या आठव्यात सहा, असा तो आकडा उतरत गेला. लग्न तोंडावर आले म्हणून भरीव टाक्याच्या जागी लांब टाके मारून पान उरकावे, तसा तो शेवट आहे : लांबून रंग भरल्यासारखा दिसतो, हात फिरवला की दोरा नखात अडकतो.

यंत्राचा प्रश्न आमच्यापुढे याच सुमारास आला. संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र कर्ज काढून घ्यावे, असा सल्ला एका दुकानदाराने दिला आणि खोलीत आठवडाभर वाद झाला. त्याच आठवड्यात आम्ही २००३ मध्ये ऑस्कर मिळालेला ‘स्पिरिटेड अवे’ पाहत होतो. त्यातली झेनिबा ही मोठी जादूगारीण आपल्या झोपडीत सूत कातून घेते, काओनाशी नावाच्या मुक्या भुताला विणायला बसवते आणि नायिका चिहिरोसाठी केस बांधण्याचे बंद तयार करते. जादूने केले असते तर त्याचा काही उपयोग नव्हता, असे ती म्हणते. ते दृश्य आम्ही तीनदा लावले. मात्र त्यावर विसंबून आम्ही व्यवहार ठरवला, असे कोणी समजू नये. एकसारख्या पन्नास ब्लाउजांचे काठ आम्ही आजही बाहेर यंत्रावर भरून घेतो, कारण यंत्राची ओळ आमच्यापेक्षा सरळ येते. बाळाच्या कपड्यांची गोष्ट वेगळी आहे : यंत्रासाठी कापडामागे लावावे लागणारे कडक अस्तर कातरले तरी थोडे उरतेच, आणि ते कोवळ्या अंगाला टोचते. म्हणून बाळंतविडा हातानेच करायचा, हे त्या आठवड्यात पक्के झाले.

२०२० च्या टाळेबंदीत काम घरोघरी गेले आणि दुपारचे वाचन व्हिडिओ कॉलवर सुरू झाले. तेव्हा ‘डीमन स्लेअर’ ही राक्षसांशी लढणाऱ्या तंजिरोची ॲनिमे मालिका चालू होती. गोष्ट म्हणून ती मला साधी वाटते, आणि तिच्यातल्या लढाया, विशेषतः मध्येच थांबून आठवणी सांगत बसणाऱ्या लढाया, अतिशय लांबतात. अशाच एका लढाईच्या भरात मी रुखवताच्या तक्त्यावर एक घर कमी मोजले आणि ते अकरा ओळी भरून झाल्यावर लक्षात आले. दीड दिवस उसवण्यात गेला. मॅटीवरचे मोजून भरायचे काम आणि लढाई एका बैठकीत नाही, हा नियम तेव्हापासूनचा आहे. धावदोरा आणि साखळी टाका यांना कोणतीही लढाई चालते.

पण याच मालिकेने आम्हाला आमची सर्वांत चांगली वस्तू दिली. तंजिरोची बहीण नेझुको हिच्या गुलाबी किमोनोवर षटकोनात बसवलेल्या ताऱ्यांची जी नक्षी आहे तिला जपानीत ‘असानोहा’, म्हणजे अंबाडीसारख्या वाखाच्या झाडाचे पान, म्हणतात. हे झाड झपाट्याने आणि सरळ वाढते, म्हणून मूलही तसेच वाढावे या इच्छेने ती नक्षी तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर घालण्याची तिकडे परंपरा आहे. हे वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग हे तर बाळंतविड्यातलंच की.” ‘साशिको’ या जपानी भरतकामाच्या जुन्या प्रकारात ही नक्षी निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने, तांदळाच्या दाण्याएवढ्या धावदोऱ्याने घालतात. जुने कापड मजबूत आणि उबदार करण्यासाठी थरांवर थर ठेवून घातलेला धावदोरा म्हणजे आमची गोधडीच. मावशींनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत, त्यांना यात शिकवण्यासारखे काही नव्हते. फक्त ओळी आखून देण्याचे काम उरले.

पहिले दुपटे फसले. कापड आधी धुऊन घेतले नव्हते, त्यामुळे पहिल्याच धुण्यात ते आटले, दोरा तसाच राहिला आणि तारे चुरगळले. गिऱ्हाईक ओळखीचे होते म्हणून निभावले. आता कापड दोनदा धुतल्याशिवाय त्याला सुई लागत नाही, आणि प्रत्येक ओळ संपली की अंगठ्याने कापड सारखे करून दोऱ्याला किंचित ढील ठेवली जाते.

असानोहाची दुपटी पाहून महाविद्यालयातली मुले डेनिमच्या जॅकेटांवर ॲनिमेतली पात्रे भरून मागू लागली. आम्ही नकार दिला, कारण ती पात्रे कोणाच्या तरी मालकीची आहेत. नक्षीचे तसे नाही. ‘डीमन स्लेअर’च्या मूळ कथेच्या प्रकाशकांनी २०२० साली पात्रांच्या कपड्यांवरील सहा नक्षींची व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून नोंदणी मागितली, तेव्हा जपानच्या पेटंट कार्यालयाने तंजिरोचे हिरवे-काळे चौकडे, नेझुकोची असानोहा आणि त्यांचा सोबती झेनित्सू याचे त्रिकोण नाकारले आणि उरलेल्या तीन नोंदल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नक्षी एकाच्या नावावर होऊ नये, हे मला योग्य वाटते. आमच्याकडे उद्या कोणी पैठणीचा मोर स्वतःच्या नावावर मागितला तर येवल्यात काय होईल, याची कल्पना नाशिककरांना यावी.

मला स्वतःला सर्वांत आवडलेली मालिका ‘फ्रीरेन’. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू होऊन मार्च २०२४ मध्ये संपलेले तिचे अठ्ठावीस भागांचे पर्व राक्षसांच्या राजाचा वध झाल्यानंतर सुरू होते. हजार वर्षांहून अधिक जगलेल्या या जादूगारणीला सोबत्यांबरोबर काढलेली दहा वर्षे चिमूटभर वाटतात, आणि त्यांतला एक म्हातारा होऊन गेल्यावर आपण त्याला जाणून घेतलेच नाही, हे तिला कळते. ती जगभर फिरून फुटकळ मंत्र जमवते : फुलांचे शेत उमलवण्याचा, गोड द्राक्षे आंबट करण्याचा. या दुसऱ्या मंत्राला खोलीत हशा पिकला. मावशींच्या भावाची निफाडला द्राक्षबाग आहे. “त्याला मंत्र कशाला, घाईनं माल तोडला की झालं,” असे त्यांनी जागच्या जागी सांगून टाकले. मालिका इतकी संथ आहे की पोथी सांगणाऱ्या मुलीला मध्येच चार टाके घालता येतात, असे दुसऱ्या कुठल्याही मालिकेत झालेले नाही.

असानोहाचे एक पूर्ण दुपटे एकीच्या हातून बरोबर तेवढ्या भागांत होते. अठ्ठावीस गुणिले चोवीस मिनिटे, म्हणजे अकरा तासांहून थोडे जास्त. किंमत ऐकून कोणी भुवया उंचावल्या की मी हा हिशेब सांगते. तो सांगायला लागल्यापासून घासाघीस निम्म्यावर आली आहे.

सध्या हातात जुळ्यांच्या बाळंतविड्याचे काम आहे आणि तो एकीनेच, एका हाताचा करायचा असे ठरले आहे. दोन दुपट्यांना छप्पन्न भाग लागतील. ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड’ चौसष्ट भागांची आहे, म्हणून मतदानात तीच निवडून आली. उरलेल्या आठ भागांत दोन टोपडी बसवायची आहेत.