बोर किती आला, काका?

अप्रेझलच्या फॉर्मवर तीन वर्षं माझ्या नावापुढे एकच शेरा होता : ‘मेहनती आहे, लक्ष वाढवावे.’ आता सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, उभ्या माणसाने लक्ष वाढवायचं म्हणजे काय करायचं? मशीनकडे डोळे वटारून बघायचं?

तेव्हा मी भोसरीत ऑपरेटर होतो. जॉबचा बोर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, ३२ एच-सेव्हन. म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटरमध्येच बसला पाहिजे. सगळा खेळ २५ मायक्रॉनचा, मिलिमीटरच्या २५ हजारांशांचा. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत गेलं की बोर लहान होत जातो. मला ते कळायचं शिफ्ट सुटताना, नापास पीसची लाल पेटी बघून. एकदा १९ पीस निघाले. सगळे रीवर्कला, आणि मशीनवर परत पकडताना रनआउट गेला, म्हणजे पीस केंद्रातून हलला, की थेट भंगारात.

क्यूसीच्या, म्हणजे माप तपासणाऱ्या, काकांना जाऊन विचारलं, “काका, माझं काम कसं चाललंय?”

“बरं चाललंय की.”

झालं! दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. “दर दहाव्या पीसचा बोर किती आला?” काकांनी बोर गेज लावून ३२ च्या वर किती मायक्रॉन, ते कपट्यावर लिहून दिलं : १८, १५, १३, ९, ६. उतरण डोळ्यांसमोर! मग मीच हद्द ठरवली. ८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्याआधीच ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनमध्ये झिजेची भरपाई टाकायची. महिन्याभरात लाल पेटीत दोन-तीन पीस राहिले.

पुढे वाचनात आलं, की क्लुगर आणि डेनिसी या दोघा संशोधकांनी १९९६ साली असे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तर एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायामुळे काम उलट बिघडलं होतं. त्यांच्या मते अभिप्राय कामावरून घसरून माणसावर गेला, की असं होतं. मला तो शेरा आठवला. फॉर्म घरी नेल्यावर दोन दिवस मी बोरचा नाही, साहेबांचाच विचार करत होतो.

आता मी लाइन सुपरवायझर आहे. मध्यंतरी वरून फळ्यावर आकडा आला : शिफ्टला ३४० पीस. नेमकं ध्येय, तक्रारीला जागा नाही. पण क्यूसीच्या टेबलापर्यंत जाऊन यायला चार मिनिटं लागतात, आणि चार मिनिटं म्हणजे तीन पीस. पोरांनी रीडिंग विचारणंच सोडलं. ३४० होतात, पेटीही भरते.

गेल्या सोमवारी मी खडूने फळ्यावर दुसरा रकाना आखला : ‘रीडिंग किती वेळा’. वरून अजून कोणी काही बोललेलं नाही. काकांनी मात्र टेबल उचलून लाइनच्या तोंडाशी आणलंय.