अकरा सेकंदांची क्लिप

२०२४ च्या विधानसभेला माझी ड्यूटी बूथवर न लागता माध्यम कक्षात लागली. मराठीचा मास्तर, मोबाइल बरा चालवतो, एवढीच पात्रता. उमेदवारांची फेसबुक पानं दिवसभर चाळायची आणि कोण कोणाला काय म्हणाला, ते आचारसंहितेत बसतं का, हे नोंदवायचं.

बरीचशी प्रकरणं दोन मिनिटांची. एकानं दुसऱ्याच्या घरच्या भांडणावर पोस्ट टाकली. टीका धोरणावर आणि कामावर करा, खासगी आयुष्यावर नको, असं आचारसंहितेत सरळ लिहिलेलं आहे. नोंद केली, पुढे पाठवली.

मग ती क्लिप आली. अकरा सेकंदांची. सभेत उमेदवार म्हणतो, "ओलावा असन तर सोयाबीन शेतकऱ्यानं वाळवूनच आनावं, सरकारनं किती घ्यावं?" खाली विरोधकाची ओळ : 'हा म्हणे तुमचा कैवारी!' तेव्हा हमीभाव होता ४,८९२ रुपये, बाजारात मिळत होते चार हजारांच्या आसपास, आणि १२ टक्के ओलाव्याच्या अटीवरून खरेदी केंद्रावरून माल परत येत होता. लोक पेटणारच. मीही मनात दोन शिव्या हासडल्या. (कक्षात बसणाऱ्यानं असं करू नये, पण आमच्याही छपरीत पोती पडून होती.)

दुपारी तक्रार आली. शेजारचे तलाठी म्हणाले, "सर, तो बोलला का नाई बोलला? आवाज त्याचाच हाय. मंग खोटं काय हाय त्याच्यात?"

उत्तर सुचेना. क्लिप पाच-सहा वेळा ऐकली. 'घ्यावं' वर आवाज खाली येत नव्हता, वरच लटकला होता. बोलणारा अजून थांबलेला नव्हता.

त्या गावात माझा एक जुना विद्यार्थी आहे. तो विरोधी पक्षाचा, तरी त्यानं सबंध व्हिडिओ धाडला. पुढचे शब्द असे : "...असं म्हनून कोनी हात झटकत असन, तर ते आपल्याले मान्य नाही."

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेपटाला येतो. वीस वर्षं मी हे फळ्यावर लिहितोय. कात्री चालवणाऱ्यानं त्याचा असा उपयोग केला, की शब्द एकही बदलला नाही आणि माणूस उलटा उभा केला.

पडताळणी न झालेल्या आरोपांवर किंवा विपर्यासावर आधारलेली टीका टाळावी, असंही आचारसंहितेत आहे. मी दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी उतरवले, खाली 'विपर्यास' लिहिलं. तलाठ्यांनी सही करताना पुन्हा विचारलं, "पन बोलला तर तोच ना?"

पोस्ट दुसऱ्या दिवशी निघाली. १८ नोव्हेंबरला प्रचार थांबला. १९ ला रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी तीच क्लिप टाकली, वर तीन संतापलेले चेहरे. मी खाली सबंध व्हिडिओ टाकला. मामांची निळी खूण आली. थोड्या वेळानं त्यांनी गुड नाइटचं फूल पाठवलं.