पाठवणारा राजा

बायबलमधल्या दावीद राजाची गोष्ट मराठीतून वाचताना बहुतेक जण गल्याथ या धिप्पाड योद्ध्यापाशी रमतात आणि बथशेबा या परस्त्रीपाशी घाईने पानं उलटतात. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा 11वा अध्याय मात्र पेन्सिल घेऊन, सावकाश वाचावा. कोणी कोणाला ‘पाठवलं’, तिथे तिथे खूण करावी.

त्याआधीचा दावीद स्वतः जाणारा माणूस आहे. इशायच्या आठ मुलांतलं शेंडेफळ, मेंढरं राखणारा. ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे उचलतो, एकातच गल्याथचं काम होतं. शौल राजा जिवावर उठल्यावर अदुल्लामच्या गुहेत त्याच्याभोवती 400 माणसं जमतात, तीही कर्जबाजारी आणि गांजलेली. पुढे एन-गेदीला शौल तावडीत सापडतो, तेव्हा दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो, आणि त्याचंही मन खातं. तिसाव्या वर्षी राजा. साडेसात वर्षं हेब्रोनला, 33 वर्षं यरुशलेमला.

11व्या अध्यायाची पहिलीच ओळ बघा: राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीद यवाब या सेनापतीला पाठवतो आणि आपण यरुशलेमातच राहतो. मग चौकशीला माणूस पाठवतो, बथशेबाला आणायला माणसं पाठवतो. दिवस गेल्याचा निरोप ती पाठवते. लगेच यवाबला हुकूम जातो, उरीयाला, म्हणजे लढाईवर असलेल्या तिच्या नवऱ्याला, पाठव. हिब्रूत या सगळ्याला एकच धातू आहे, शालाख.

इथे एक चूक हमखास होते. बथशेबा गच्चीवर नाहात होती, असं सर्रास सांगतात. गच्चीवर दावीद होता. यरुशलेम डोंगराच्या सोंडेवर उतरत गेलेलं. आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालची छपरं दिसावीत, तसं तिचं घर त्याला दिसलं. ती विटाळानंतरची शुद्धी करून होती, हे मजकुरात मुद्दाम सांगितलंय. मराठी घरात त्याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही: मूल उरीयाचं असणं शक्यच नाही.

म्हणूनच उरीयाला घरी धाडायची धडपड. तो वाड्याच्या दाराशी नोकरांबरोबर झोपतो, कारण सैन्य उघड्यावर पडलंय. दुसऱ्यांदा त्याला दारू पाजतात, तरी जात नाही. मग त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र. पत्रात होतं, त्याला पुढे घालून बाकीच्यांनी मागे सरावं. यवाबने तसं केलं नाही. एकट्यालाच सोडून सगळे मागे हटते तर कट उघड झाला असता, हे उघड आहे. त्याने तुकडीच राब्बा या वेढा घातलेल्या शहराच्या तटाजवळ घातली, आणि उरीयाबरोबर इतरही मेले. हा हिशेब लोक विसरतात.

12वा अध्याय त्याच क्रियापदाने उघडतो: परमेश्वराने नाथान या संदेष्ट्याला पाठवलं. अहिल्याबाईंच्या आज्ञापत्रांवर ‘श्री शंकर’ असे, म्हणजे हुकूम देवाच्या नावाने, हे इंदूरच्या माणसाला माहीत असतं. त्याला नाथानचा अधिकार चटकन कळतो. नाथान गरिबाच्या एकुलत्या कोकरीचा खटला मांडतो, दावीद चौपट भरपाईचा निकाल देतो, आणि उत्तर येतं, ‘तो माणूस तूच.’

बायबलमधल्याच ‘इतिहास’ या नावाच्या पहिल्या पुस्तकाने हे सगळं गाळलंय. तिथे 20व्या अध्यायात दावीद यरुशलेमात राहतो आणि पुढच्याच वाक्यात राब्बा पडतं. शमुवेलचं पुस्तक मात्र 23व्या अध्यायाच्या शेवटी दावीदच्या वीरांची यादी देतं. एकूण 37, आणि शेवटचं नाव उरीया हित्ती.